गिट रिपॉझिटरी सेटअप

गिट रिपॉझिटरी सेटअप हा गिट या मुक्त स्रोत आवृत्ती नियंत्रण प्रणालीच्या सोर्स कोडचा एक मूलभूत भाग आहे. नवीन रिपॉझिटरी, म्हणजेच प्रकल्पाच्या सर्व आवृत्त्यांचे भांडार, उभारणे हे त्याचे पहिले काम होय. आधीपासून असलेली रिपॉझिटरी शोधणे आणि ती वापरण्यास योग्य व सुरक्षित आहे की नाही हे ठरवणे हे दुसरे काम होय. हा कोड मुख्यतः ‘सेटअप.सी’ या फाइलमध्ये असून तो सी भाषेत लिहिलेला आहे. फाइलींची स्थिती दाखवणारी असो वा नवी नोंद करणारी, गिटची बहुतेक प्रत्येक आज्ञा आपले काम सुरू करण्यापूर्वी या कोडमधून जाते.

गिटच्या सुरुवातीच्या काळात हा कोड लहान होता आणि सापडेल त्या रिपॉझिटरीवर विश्वास ठेवत होता. २००५ नंतर त्यात अनेक बदल झाले. रिपॉझिटरी कोठे असू शकते याचे पर्याय वाढले, तिच्या अंतर्गत स्वरूपाला क्रमांक व विस्तार मिळाले आणि २०२२ मध्ये मालकीची तपासणी आली. हा कोड प्रत्येक आज्ञेच्या मुळाशी असल्यामुळे त्यातील लहानसा बदलही जगभरातील वापरकर्त्यांच्या नित्य कामावर परिणाम करतो.

रिपॉझिटरीची रचना

सर्वसाधारण गिट प्रकल्पात दोन भाग असतात. वापरकर्ता ज्या फाइलींवर प्रत्यक्ष काम करतो त्या फोल्डरला वर्किंग ट्री म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘.गिट’ नावाचे फोल्डर असते आणि प्रकल्पाचा सर्व इतिहास त्यात साठवलेला असतो. ज्या रिपॉझिटरीला वर्किंग ट्री नसते तिला बेअर रिपॉझिटरी असे म्हणतात. सर्व्हरवर ठेवलेल्या रिपॉझिटरी बहुधा या प्रकारच्या असतात.

एखादे फोल्डर ही गिटची रिपॉझिटरी आहे की नाही, हे ठरवताना सेटअप कोड त्याचे नाव पाहत नाही, तर त्यातील तीन गोष्टी तपासतो. ‘हेड’ ही फाइल असून तिच्यात वैध मजकूर असावा लागतो. ‘ऑब्जेक्ट्स’ हे फोल्डर असावे लागते. तेथे फाइलींचा मजकूर आणि नोंदी साठवल्या जातात. तिसरे म्हणजे शाखा व खुणा यांची नावे ठेवणारे ‘रेफ्स’ हे फोल्डर असावे लागते. ही कसोटी जाणीवपूर्वक साधी ठेवलेली आहे. मात्र या साधेपणामुळेच पुढे सुरक्षिततेचे काही प्रश्न निर्माण झाले.

नवीन रिपॉझिटरीची निर्मिती

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासासाठी गिट लिहिले. त्याच्या पहिल्याच आवृत्तीत नवीन रिपॉझिटरी तयार करणारी ‘इनिट-डीबी’ ही स्वतंत्र आज्ञावली होती. त्या वेळी फोल्डरचे नाव ‘.डिरकॅश’ असे होते आणि त्यात ऑब्जेक्ट्ससाठी २५६ उपफोल्डर एकदमच तयार केले जात. लवकरच ‘.गिट’ हे नाव रूढ झाले आणि उपफोल्डर गरज पडेल तसे निर्माण होऊ लागले. जुलै २००५ पासून जुनिओ हमानो हे प्रकल्पाचे देखभालकर्ते आहेत. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या १.५.० या आवृत्तीत ‘गिट इनिट’ हे आजचे नाव प्रचारात आले. जुने नाव पर्यायी रूपात शिल्लक राहिले.

‘गिट इनिट’ ही आज्ञा दिल्यावर आवश्यक फोल्डर तयार होतात, साच्याच्या फोल्डरमधून नमुना फाइली आणल्या जातात, ‘हेड’ या फाइलीत पहिल्या शाखेचे नाव लिहिले जाते आणि ‘कॉन्फिग’ या फाइलीत प्रारंभिक संरचना नोंदवली जाते. आधीच असलेल्या रिपॉझिटरीत ही आज्ञा पुन्हा दिली, तरी इतिहास पुसला जात नाही. साच्यात नव्याने भर पडलेल्या फाइली तेवढ्या आणल्या जातात.

याच वेळी गिट संगणकाच्या फाइल प्रणालीची चाचणी घेते. फाइलीवरील ‘चालवण्याची परवानगी’ ही खूण बदलून ती टिकते का, हे पाहिले जाते. प्रतीकात्मक दुवा तयार करता येतो का, हेही तपासले जाते. ‘कॉन्फिग’ ही फाइल मोठी व लहान रोमन अक्षरे मिसळून लिहिलेल्या नावाने उघडून पाहिली जाते. ती उघडली, तर फाइल प्रणाली अक्षरांच्या आकारात भेद करत नाही असा निष्कर्ष निघतो. हे निष्कर्ष त्या रिपॉझिटरीच्या संरचनेत कायमचे लिहिले जातात. त्यामुळे एका संगणकावर तयार केलेले ‘.गिट’ फोल्डर जसेच्या तसे वेगळ्या प्रकारच्या फाइल प्रणालीवर हलवल्यास या नोंदी चुकीच्या ठरू शकतात.

मॅक संगणकांवर आणखी एक चाचणी होते. एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली काही युनिकोड अक्षरे त्यांच्या घटकांत विभागून साठवते. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर या प्रकारात मोडते. ‘दुसऱ्या’ किंवा ‘ऱ्हास’ असे शब्द फाइलीच्या नावात असल्यास ‘ऱ’ हे एक चिन्ह न राहता ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे होतात. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात, पण गिटच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. २०१२ मध्ये आलेल्या ‘प्रीकंपोजयुनिकोड’ या पर्यायाने विभागलेली चिन्हे पुन्हा जोडून घेण्याची सोय झाली. हा पर्याय आवश्यक आहे का, हे सेटअप कोडच चाचणीने ठरवतो.

पहिल्या शाखेचे नाव पूर्वी नेहमीच ‘मास्टर’ असे. जुलै २०२० मधील २.२८ या आवृत्तीपासून ते नाव ‘इनिट.डिफॉल्टब्रँच’ या पर्यायाद्वारे वापरकर्त्याला स्वतः ठरवता येते.

रिपॉझिटरीचा शोध

प्रकल्पातील कोणत्याही उपफोल्डरमध्ये उभे राहून गिटची आज्ञा देता येते, हे गिटचे एक सोयीचे वैशिष्ट्य आहे. यासाठी सेटअप कोड सध्याच्या फोल्डरपासून सुरुवात करतो. तेथे ‘.गिट’ आहे का, नसल्यास तेच फोल्डर बेअर रिपॉझिटरी आहे का, हे पाहतो आणि दोन्ही नसल्यास एक पायरी वर जातो. रिपॉझिटरी सापडेपर्यंत किंवा फाइल प्रणालीचे मूळ येईपर्यंत हा क्रम चालतो. रिपॉझिटरी सापडली की गिट वर्किंग ट्रीच्या मुळाशी जाते आणि वापरकर्ता मूळ कोठे होता, हे एका पूर्वपदाच्या रूपात लक्षात ठेवते. आज्ञेत दिलेल्या फाइलींचे पत्ते त्या पूर्वपदाला जोडून वाचले जातात.

वर चढत जाण्याच्या या पद्धतीवर कालांतराने मर्यादा घालण्यात आल्या. २००८ मध्ये ‘गिट_सीलिंग_डिरेक्टरीज’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले. त्यात नोंदवलेल्या फोल्डरच्या वर शोध जात नाही. नेटवर्कवरील संथ फोल्डर टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पुढे २०१० मध्ये शोधाने एका फाइल प्रणालीची सीमा ओलांडून दुसऱ्या फाइल प्रणालीत जाऊ नये, हा नियम सर्वसाधारण झाला.

शोध टाळून रिपॉझिटरीचा पत्ता थेट देण्याचीही सोय आहे. ‘गिट_डिर’ या व्हेरिएबलमध्ये पत्ता लिहिला की शोध होतच नाही. अशा वेळी वर्किंग ट्री वेगळी सांगितली नसेल, तर सध्याचे फोल्डर हेच तिचे मूळ मानले जाते. ही बाब ठाऊक नसल्यास आज्ञा चुकीच्या फोल्डरवर चालण्याचा संभव असतो.

‘.गिट’ हे प्रत्येक वेळी फोल्डरच असते असेही नाही. २००८ पासून ती एक लहान फाइल असू शकते आणि खऱ्या रिपॉझिटरीचा पत्ता तिच्या एकाच ओळीत लिहिलेला असतो. उपप्रकल्पांसाठी असलेल्या सबमॉड्यूल या सुविधेत या सोयीचा उपयोग होतो. जुलै २०१५ मधील २.५ या आवृत्तीत आलेली ‘गिट वर्कट्री’ ही आज्ञाही तिच्यावर आधारलेली आहे. या आज्ञेमुळे एकाच रिपॉझिटरीच्या अनेक वर्किंग ट्री एकाच वेळी उघडता येतात.

परिस्थितींचे बत्तीस प्रकार

या सोयी एकेक करून वाढत गेल्यामुळे त्यांचे परस्परसंबंध गुंतागुंतीचे झाले. ‘गिट_डिर’ दिले आहे का, ‘गिट_वर्क_ट्री’ दिले आहे का, संरचनेत वर्किंग ट्रीचा पत्ता आहे का, ‘.गिट’ ही फाइल आहे का आणि रिपॉझिटरी बेअर आहे का, या पाच प्रश्नांची उत्तरे होय किंवा नाही अशी देता येतात. त्यातून ३२ वेगवेगळ्या परिस्थिती निर्माण होतात. त्यांपैकी अनेकींमध्ये गिटने नेमके काय करावे, हे आधी कोठेही निश्चित लिहिलेले नव्हते.

२०१० च्या अखेरीस शोधाच्या कोडची पुनर्रचना झाली. तेव्हा या सर्व परिस्थितींची क्रमवार यादी करून त्यांसाठी एक स्वतंत्र चाचणी-फाइल लिहिण्यात आली. प्रत्येक परिस्थितीला शून्य ते एकतीस असा क्रमांक देऊन तिचे अपेक्षित उत्तर नोंदवण्यात आले. ही चाचणी आजही गिटच्या चाचणीसंचात आहे आणि सेटअप कोडमध्ये होणारा प्रत्येक बदल तिच्या कसोटीला उतरावा लागतो.

स्वरूप क्रमांक आणि विस्तार

रिपॉझिटरी सापडल्यानंतर तिचे स्वरूप या गिटला समजते का, हे पाहिले जाते. त्यासाठी ‘कॉन्फिग’ फाइलीत स्वरूप क्रमांक असतो. बराच काळ हा क्रमांक शून्य एवढाच होता. क्रमांक वाढवल्यास सर्व जुन्या आवृत्त्या त्या रिपॉझिटरीला एकदमच नकार देतील, अशी अडचण होती.

२०१५ मध्ये यावर तोडगा म्हणून स्वरूप क्रमांक एक निश्चित झाला. या स्वरूपात ‘एक्स्टेन्शन्स’ या विभागाखाली रिपॉझिटरीने वापरलेल्या विशेष सुविधांची यादी असते. यादीतील एक जरी नाव अनोळखी असेल, तर गिटने त्या रिपॉझिटरीला हात न लावता थांबावे, असा नियम आहे. काही विस्तार ऐतिहासिक कारणांमुळे शून्य क्रमांकाच्या रिपॉझिटरीतही मानले जातात.

हा नियम काटेकोर असण्याचे कारण माहितीच्या सुरक्षिततेत आहे. उदाहरणार्थ, ‘प्रेशसऑब्जेक्ट्स’ या विस्ताराचा अर्थ रिपॉझिटरीतील ऑब्जेक्ट्स काढून टाकू नयेत असा होतो. कारण दुसरी एखादी रिपॉझिटरी त्यांवर अवलंबून असू शकते. हा विस्तार न समजणाऱ्या गिटने साफसफाई केली, तर त्या दुसऱ्या रिपॉझिटरीचा इतिहास नष्ट होऊ शकतो. काम अडणे हे इतिहास गमावण्यापेक्षा बरे, हे तत्त्व या नियमामागे आहे.

ऑक्टोबर २०२० मधील २.२९ या आवृत्तीत ‘ऑब्जेक्टफॉरमॅट’ या विस्ताराद्वारे एसएचए-२५६ या हॅश पद्धतीचा प्रायोगिक वापर शक्य झाला. तिच्यामुळे ऑब्जेक्टचे नाव ४० ऐवजी ६४ षोडशमान अंकांचे होते. एप्रिल २०२४ मधील २.४५ या आवृत्तीत ‘रेफस्टोरेज’ हा विस्तार आणि रेफटेबल ही शाखांची नावे साठवण्याची नवी पद्धत आली. जानेवारी २०२५ मधील २.४८ या आवृत्तीत वर्कट्रीचे पत्ते सापेक्ष रूपात लिहिण्यासाठी आणखी एक विस्तार जोडण्यात आला.

रेफटेबलच्या रचनेत जुन्या आवृत्त्यांचा विचार कसा केला जातो, याचे चांगले उदाहरण दिसते. या पद्धतीत शाखांची नावे वेगळ्या फाइलींत असल्याने जुन्या अर्थाने ‘हेड’ फाइल आणि ‘रेफ्स’ फोल्डर यांची गरज नसते. तरीही ‘रेफ्स’ हे फोल्डर ठेवले जाते आणि ‘हेड’मध्ये मुद्दाम अवैध शाखेचे नाव लिहिले जाते. असे केले नसते, तर जुन्या गिटला ती रिपॉझिटरीच वाटली नसती. मग ते वर चढत जाऊन एखाद्या बाहेरच्या, वेगळ्याच रिपॉझिटरीवर काम करू लागले असते. आता जुने गिट ती रिपॉझिटरी ओळखते, स्वरूप समजत नसल्याचे सांगते आणि थांबते.

सुरक्षिततेसाठी झालेले बदल

दुसऱ्याची रिपॉझिटरी क्लोन करताना तिची ‘कॉन्फिग’ फाइल आणि हूक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित आज्ञा आपल्या संगणकावर येत नाहीत. गिटच्या सुरक्षिततेचा हा जुना आधार आहे, कारण ‘कॉन्फिग’मधील काही पर्याय बाहेरच्या आज्ञावली चालवू शकतात. मात्र जी रिपॉझिटरी आधीपासूनच डिस्कवर आहे, तिच्या संरचनेवर गिट पूर्ण विश्वास ठेवत असे.

या विश्वासातील उणीव १२ एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाली. तिला सीव्हीई-२०२२-२४७६५ असा क्रमांक आहे. अनेक जण वापरत असलेल्या विंडोज संगणकावर एखादा वापरकर्ता सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘.गिट’ फोल्डर तयार करू शकत असे. दुसऱ्या वापरकर्त्याने रिपॉझिटरीबाहेरच्या कोणत्याही फोल्डरमध्ये गिटची आज्ञा दिली, की शोध वर चढत त्या फोल्डरपर्यंत पोहोचे आणि पहिल्याने लिहून ठेवलेली आज्ञावली दुसऱ्याच्या अधिकाराने चालत असे. लिनक्सवरील ‘टीएमपी’सारख्या सामायिक फोल्डरमध्येही हाच धोका होता. काही प्रणालींत आज्ञारेषेवर शाखेचे नाव दाखवण्यासाठी गिट आपोआप चालवले जाते. तेथे केवळ फोल्डर बदलणेही पुरेसे होते.

त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या २.३५.२ या आवृत्तीत सेटअप कोड सापडलेल्या फोल्डरचा मालक तपासू लागला. मालक आज्ञा देणाऱ्यापेक्षा वेगळा असल्यास गिट काम नाकारते. अपवाद करायचा असल्यास त्या फोल्डरचा पत्ता ‘सेफ.डिरेक्टरी’ या पर्यायात लिहावा लागतो. रिपॉझिटरीच्या स्वतःच्या ‘कॉन्फिग’मध्ये लिहिलेला हा पर्याय मानला जात नाही. तसे नसते, तर हल्लेखोराला स्वतःच स्वतःला सुरक्षित घोषित करता आले असते.

या बदलामुळे अनेक ठिकाणी पूर्वी सुरळीत चालणारी कामे अडली. कंटेनरमध्ये चालणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांत फोल्डरचा मालक एक आणि आज्ञा देणारा दुसरा असणे नेहमीचे होते. ‘सुडो’ वापरून प्रोग्राम स्थापित करतानाही गिट नकार देऊ लागले. मालकीची नोंद न ठेवणाऱ्या फाइल प्रणालीच्या पेनड्राइव्हवरील प्रकल्पांबाबतही असेच घडले. काही दिवसांतच २.३५.३ या आवृत्तीत तारकाचिन्ह लिहून तपासणी पूर्णपणे बंद करण्याची मुभा देण्यात आली. ‘सुडो’चा मूळ वापरकर्ता ओळखण्याची सोयही पुढे झाली. तारकाचिन्हाचा उपाय सोपा असला, तरी त्यामुळे मूळ धोका पुन्हा खुला होतो. त्यामुळे तो फक्त एका वापरकर्त्याच्या किंवा तात्पुरत्या कंटेनरपुरता वापरणे इष्ट ठरते.

जुलै २०२२ मधील २.३७.१ या आवृत्तीत तपासणीची व्याप्ती वाढली. आधी मुख्यतः वरच्या फोल्डरचा मालक पाहिला जात असे. आता वर्किंग ट्री, ‘.गिट’ फोल्डर आणि असल्यास पत्ता सांगणारी ‘.गिट’ फाइल या सर्वांचे मालक पाहिले जाऊ लागले.

दुसरा प्रश्न बेअर रिपॉझिटरींचा होता. गिट आपल्या नोंदींत ‘.गिट’ या नावाचे फोल्डर स्वीकारत नाही. पण रिपॉझिटरीची ओळख नावावर नसून तीन घटकांवर असल्याने वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये संपूर्ण बेअर रिपॉझिटरी लपवून ती प्रकल्पाचा भाग म्हणून पाठवता येते. तो प्रकल्प क्लोन करून त्या फोल्डरमध्ये गिटची आज्ञा दिली, तर लपवलेली ‘कॉन्फिग’ लागू होते. येथे फाइलींचा मालक स्वतः वापरकर्ताच असल्यामुळे मालकीची तपासणी उपयोगी पडत नाही. ऑक्टोबर २०२२ मधील २.३८ या आवृत्तीत ‘सेफ.बेअररिपॉझिटरी’ हा पर्याय आला. त्याला ‘एक्सप्लिसिट’ हे मूल्य दिल्यास थेट पत्ता दिल्याशिवाय बेअर रिपॉझिटरी वापरली जात नाही. जुनी कामे बिघडू नयेत म्हणून हे मूल्य सर्वांसाठी आपोआप लागू करण्यात आले नाही.

१४ मे २०२४ रोजी आलेल्या २.४५.१ या आवृत्तीत सबमॉड्यूलसह क्लोन करतानाची एक गंभीर त्रुटी दुरुस्त झाली. तिच्यामुळे अक्षरांच्या आकारात भेद न करणाऱ्या फाइल प्रणालींवर हल्लेखोराचा हूक क्लोन होतानाच चालू शकत असे. याच आवृत्तीत जादा खबरदारी म्हणून क्लोन करताना हूक चालवण्यावर काही बंधने घालण्यात आली. मोठ्या फाइलींसाठी वापरले जाणारे गिट एलएफएस नेमके अशाच हूकवर अवलंबून असल्याने ते बंद पडले. ३१ मे २०२४ च्या २.४५.२ या आवृत्तीत ही जादा बंधने मागे घेण्यात आली. मूळ त्रुटीची दुरुस्ती मात्र कायम राहिली.

कोडची पुनर्रचना

सेटअप कोड दीर्घकाळ सर्वव्यापी व्हेरिएबलवर आधारलेला होता. एका वेळी एकच रिपॉझिटरी उघडी असेल, असे त्यात गृहीत होते. शिवाय शोध घेताना सध्याचे फोल्डर बदलले जाई. त्यामुळे रिपॉझिटरी प्रत्यक्ष उघडण्यापूर्वी केवळ तिची संरचना वाचणे अवघड होते. २०१७ मध्ये असा बदल न करता रिपॉझिटरीचा फक्त पत्ता शोधणारे स्वतंत्र फंक्शन लिहिण्यात आले. त्याच वर्षी एका रिपॉझिटरीची सर्व माहिती एकत्र ठेवणारी ‘रिपॉझिटरी’ ही रचना कोडमध्ये आली. तिचा एक उद्देश सबमॉड्यूल त्याच प्रक्रियेत हाताळता यावेत हा होता.

नवीन रिपॉझिटरी तयार करण्याचा कोड ‘इनिट’ आणि ‘क्लोन’ या दोन्ही आज्ञांना लागतो. तो पूर्वी ‘इनिट’च्या फाइलीत होता. २०२३ मध्ये हा समाईक भाग ‘सेटअप.सी’मध्ये हलवण्यात आला. त्यामुळे निर्मिती आणि शोध ही दोन्ही कामे आता एकाच फाइलीत आहेत. सर्वव्यापी व्हेरिएबल काढून टाकण्याचे काम त्यानंतरही टप्प्याटप्प्याने चालू राहिले.

नियोजित बदल

गिट ३.० या आवृत्तीसाठी प्रकल्पाच्या दस्तऐवजांत काही बदल नियोजित आहेत. नवीन रिपॉझिटरींसाठी एसएचए-२५६ आणि रेफटेबल या पद्धती सर्वसाधारण करणे आणि पहिल्या शाखेचे नाव ‘मेन’ ठेवणे हे त्यांतील प्रमुख होत. हे बदल नव्याने तयार होणाऱ्या रिपॉझिटरींपुरते आहेत. जुन्या रिपॉझिटरी त्यांच्या ‘कॉन्फिग’मध्ये नोंदवलेल्या स्वरूपानुसारच वाचल्या जातील.

हेही पाहा

गिट
आवृत्ती नियंत्रण प्रणाली
लिनस टॉरव्हाल्ड्स
लिनक्स कर्नल
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
युनिकोड